टापा, शिट्टी आणि मोर्सिंग

काही धुनी सिनेमापेक्षा दूरवर पोहोचतात. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा १९६६ सालचा चित्रपट ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांनाही त्याची सुरुवातीची धून ऐकली की डोळ्यांसमोर ऊन, धूळ आणि कमरेच्या पिस्तुलाकडे सरकणारा हात दिसतो. मोबाईलच्या रिंगटोनपासून गॅदरिंगमधल्या विनोदी नाटुकल्यापर्यंत ती सगळीकडे वाजली आहे. दोन माणसे एकमेकांकडे रागाने बघत उभी राहिली की कोणीतरी ती तोंडाने वाजवतोच!

या वेस्टर्न चित्रपटांच्या संगीताची एक गंमत आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानाचा आवाज म्हणून जग ज्याला ओळखते, तो आवाज घडवणारे बरेचसे लोक त्या माळरानावरचे नव्हतेच. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलणाऱ्या आपल्या भागातील वाचकांना ही गोष्ट लवकर समजेल.

युक्रेनचा संगीतकार, टेक्सासचे गाणे

दिमित्री टिओमकिन यांचा जन्म १८९४ सालचा, आजच्या युक्रेनमधील क्रेमेनचुक गावचा. संगीताचे शिक्षण सेंट पीटर्सबर्गला झाले. पुढे ते अमेरिकेत गेले. १९५२ साली आलेल्या ‘हाय नून’ या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. नुकतेच लग्न झालेला मार्शल, दुपारी बाराच्या गाडीने येणारा त्याचा वैरी आणि ऐनवेळी पाठ फिरवणारे गावकरी, एवढीच गोष्ट. टिओमकिन यांनी पडद्यामागे एकच गाणे ठेवले आणि तेच पुन्हा पुन्हा वळवून साऱ्या चित्रपटभर वापरले. नेड वॉशिंग्टन यांचे शब्द, टेक्स रिटर यांचा आवाज. भिंतीवरचे घड्याळ पुढे सरकते, तसे गाणे मनावर दडपण आणत जाते. त्या चित्रपटासाठी टिओमकिन यांना उत्कृष्ट संगीत आणि उत्कृष्ट गीत अशी दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली.

रशियन वळणाच्या या माणसाला अमेरिकन माळ कसा कळला, असे लोक विचारत. त्यांचे म्हणणे असे, की गवताळ मैदान इथून तिथून सारखेच. घोडा, आभाळ आणि एकटा माणूस कुठेही एकच.

१९६० सालच्या ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’चे संगीतकार एल्मर बर्नस्टीन न्यूयॉर्कचे. हा चित्रपटच मुळात अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन समुराय’ (१९५४) या जपानी चित्रपटावरून घेतलेला. दौडत्या घोड्यासारखी त्याची धून पुढे सिगारेटच्या जाहिरातीत वर्षानुवर्षे वाजली. त्या वर्षीचे ऑस्कर मात्र तिला मिळाले नाही! बर्नस्टीन यांना लहानपणी प्रोत्साहन देणारे एरन कोपलंड हेही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले, लिथुएनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले. त्यांच्या ‘बिली द किड’ (१९३८) आणि ‘रोडिओ’ (१९४२) या बॅले-संगीतातून मोकळ्या माळाचा तो ऐसपैस सूर आधीच रुजला होता.

रोमचे एन्यो मोरिकोने

आणि मग मोरिकोने. जन्म १० नोव्हेंबर १९२८, रोम. वडील ट्रम्पेट वाजवत. दिग्दर्शक सर्जिओ लिओने आणि ते प्राथमिक शाळेत एका वर्गात होते. १९६४ साली ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’च्या निमित्ताने दोघांची पुन्हा गाठ पडली. चित्रपट इटालियन, चित्रीकरण मुख्यतः स्पेनमध्ये आणि खर्च बेताचा. श्रेयनामावलीत दोघांनीही इंग्रजी वाटतील अशी टोपणनावे लावली होती.

मोठ्या वाद्यवृंदाला पैसे नव्हते, तेव्हा मोरिकोने यांनी शिट्टी, चाबकाचा फटकारा, घंटा, इलेक्ट्रिक गिटार आणि माणसांचे हुंकार हाताशी घेतले. ती प्रसिद्ध शिट्टी आणि गिटार अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची. या चित्रपटांत मध्येच ‘टँव-टँव’ असा धातूचा झंकार ऐकू येतो, तो नीट ऐका. दातांजवळ धरून बोटाने छेडायचे ते वाद्य म्हणजे आपले मोर्सिंगच! बंगळूर-म्हैसूरकडे कर्नाटक संगीताच्या कचेरीत मृदंगाशेजारी ते मानाने बसते, राजस्थानात त्यालाच मोरचंग म्हणतात. सिसिलीच्या लोकसंगीतातले त्याचे भावंड मोरिकोने यांनी काऊबॉयच्या हाती दिले.

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची मुख्य धून कोल्ह्याच्या जातीच्या कायोटी या प्राण्याच्या ओरडण्यावरून सुचलेली. तीच धून तीन पात्रांसाठी तीन आवाजांत येते: एकासाठी बासरी, दुसऱ्यासाठी ओकारिना हे मातीचे फुंकवाद्य आणि तिसऱ्यासाठी माणसाचा कंठ. शेवटाकडे दफनभूमीत सोने शोधत धावणाऱ्या माणसामागे एडा डेल’ओर्सो यांचा स्वर येतो. त्याला शब्द नाहीत. धारवाडकडच्या ख्यालगायकीत वाढलेल्या कानाला शब्दांवाचून भाव पोहोचवणे नवे नाही. आलाप म्हणून ऐकले, तर ही जागा चटकन आपलीशी वाटते.

१९६८ सालच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’साठी संगीत चित्रीकरणाआधीच तयार झाले होते आणि चित्रीकरण चालू असताना ते वाजवले जाई. नट त्या लयीत चालत, कॅमेरा त्या लयीत फिरे. तरीही त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला, स्टेशनवर तिघे बंदूकवाले गाडीची वाट पाहतात तेव्हा, संगीत नाहीच. पवनचक्कीची किरकिर, टपटपणारे पाणी आणि एक माशी. कुठे गप्प बसायचे हेही संगीतकाराला कळावे लागते.

रामनगरच्या टेकड्यांवर

हा सूर आपल्याकडे आला तो ‘शोले’मधून (१९७५). त्याचे रामगढ उभे राहिले बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या रामनगरला, रामदेवर बेट्टाच्या खडकांत. राहुल देव बर्मन यांनी शीर्षकसंगीतात गिटार आणि टापांची लय आणली. दिवे मालवणाऱ्या राधेकडे पाहत जय वाजवतो तो माउथ ऑर्गन भानू गुप्ता यांचा. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग ‘वन्स अपॉन अ टाइम’वरून स्फुरलेला, पण तिथे ऐकू येणारी झोपाळ्याची किरकिर आपल्या अंगणातली आहे. घेतलेली गोष्ट आपली केव्हा होते, याचे हे साधे उदाहरण.

एक खटकणारी बाजू

जुन्या वेस्टर्न चित्रपटांत अमेरिकेचे मूलनिवासी पडद्यावर येताच एक ठरावीक ढोल वाजे: एक जोराचा ठोका आणि तीन हलके. ज्यांची ती जमीन, त्यांच्या शेकडो जमाती, वेगवेगळ्या भाषा आणि गाणी. पण त्यांच्या वाट्याला आला हा धोक्याचा एकच ताल. परक्याने आपल्या मातीचे गाणे रचले तर बिघडत नाही. ज्याची माती आहे त्याचेच गाणे ऐकू येईनासे झाले, तर मात्र बिघडते. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. शेजाऱ्याचे गाणे आपल्या ओठी जरूर यावे, पण शेजारी स्वतः कसे गातो तेही कानांवर पडू द्यावे.

मोरिकोने यांनी चारशेहून अधिक चित्रपटांना संगीत दिले. हॉलिवूडमध्ये घर करण्याऐवजी ते रोममध्येच राहिले. २००७ साली त्यांना मानद ऑस्कर मिळाले आणि ‘द हेटफुल एट’ या वेस्टर्नच्या संगीतासाठी २०१६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, स्पर्धेतले ऑस्कर मिळाले. ६ जुलै २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

घरी ऐकून पाहा

येत्या रविवारी मुलांना जवळ बसवून तीन गोष्टी करा. ‘हाय नून’चे गाणे लावा आणि त्यातली घोड्याची चाल हाताने मांडीवर धरा. मग ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ लावा, तीच चाल दौड कशी होते ते जाणवेल. शेवटी डोळे मिटून मोरिकोने ऐका आणि कोणती वाद्ये वाजतात ते मुलांना ओळखू द्या. घरात अज्जी असतील तर त्यांनाही विचारा. मोर्सिंग बहुधा त्याच आधी ओळखतील.