निवृत्त छेत्रीला परत का बोलावलं? ज्येष्ठ विरुद्ध तरुण वादात भारतीय फुटबॉलचं नेमकं काय हुकलं?

तारीख 14 ऑक्टोबर 2025. ठिकाण मडगावचं फातोर्डा स्टेडियम. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारतासमोर सिंगापूर होता आणि जिंकण्यावाचून पर्याय नव्हता. 14व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने लांबून सणसणीत गोल मारला आणि स्टेडियम उसळलं. त्यानंतर सिंगापूरच्या सॉन्ग उई-यंगने दोन गोल केले, एक मध्यंतराच्या तोंडावर आणि एक मध्यंतरानंतर. भारत 1-2 हरला आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं.

हरण्याची सवय भारतीय फुटबॉलच्या चाहत्यांना आहे. यावेळचा राग वेगळा होता. या संघात 41 वर्षांचा सुनील छेत्री होता. सोळा महिन्यांपूर्वी, 6 जून 2024 ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये भरल्या डोळ्यांनी त्याला निरोप देऊन झाला होता. ज्या स्पर्धेसाठी त्याला निवृत्तीतून परत आणलं, तीच स्पर्धा हातची गेली. मग प्रश्न आलाच, की ही सगळी मिनिटं एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला दिली असती तर निदान काहीतरी हाती लागलं असतं ना?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र छेत्रीपाशी थांबत नाही.

परत बोलावलं कसं आणि का?

छेत्री निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 151 सामन्यांत 94 गोल होते. मागे राहिलेल्या संघात दोन आकडी आंतरराष्ट्रीय गोल असलेला एकही खेळाडू नव्हता. यावरून पोकळी केवढी होती ते कळतं.

त्याच महिन्यात प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांची हकालपट्टी झाली आणि त्यानंतर स्पेनचे मानोलो मार्केझ आले. त्यावेळी ते एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते, म्हणजे एक पाय क्लबमध्ये आणि एक राष्ट्रीय संघात. 2024 सालातले त्यांचे चार सामने असे झाले: मॉरिशसशी गोलशून्य बरोबरी, सीरियाकडून 0-3 पराभव, व्हिएतनामशी 1-1, मलेशियाशी 1-1. चार सामन्यांत दोन गोल. त्यातला एक मुंबईकर राहुल भेकेचा, आणि भेके आहे बचावपटू. अख्ख्या 2024 मध्ये भारत 11 सामने खेळला आणि एकही जिंकला नाही.

दुसरीकडे, फक्त क्लबसाठी खेळायचं ठरवलेला छेत्री बेंगळुरू एफसीकडून गोलांचा रतीब घालत होता. 2024-25 च्या इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, त्याने 14 गोल केले. भारतीयांत सर्वाधिक. त्याच्यामागचा भारतीय म्हणजे एफसी गोवाचा ब्रिसन फर्नांडिस, त्याचे 7. निम्मे!

मार्केझ यांनी मार्च 2025 मध्ये छेत्रीला हाक मारली आणि तो आला. 19 मार्चला शिलाँगमध्ये मालदीवला 3-0 हरवून भारताने 489 दिवसांनी विजय पाहिला. गोल भेके, लिस्टन कुलासो आणि छेत्रीचे. 40व्या वर्षी, पुनरागमनाच्या पहिल्याच सामन्यात 95वा गोल. त्या रात्री टीका करणारे जरा गप्प बसले.

सहाच दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशने भारताला 0-0 असं रोखलं. छेत्री सुरुवातीपासून खेळला होता. जूनमध्ये हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर भारत 0-1 हरला. त्या सामन्यात छेत्री दुसऱ्या सत्रात बदली म्हणून उतरला होता. गटातून एकच संघ पात्र ठरणार होता, त्यामुळे दोन सामन्यांत एक गुण म्हणजे जवळजवळ कपाळमोक्षच. जुलैमध्ये मार्केझही गेले.

चाहत्यांचा राग नेमका कशावर?

छेत्रीवर कुणाचा व्यक्तिशः राग आहे असं क्वचितच दिसतं. 2005 मध्ये क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पदार्पणात गोल करणारा, वीस वर्षं ओझं वाहणारा खेळाडू. त्याच्यावर प्रेमच आहे. राग आहे तो निवडीमागच्या विचारावर. माजी कर्णधार बायचुंग भुतियानेही या निर्णयावर उघड टीका केली होती. निवृत्त खेळाडूला परत बोलावणं म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या तरुणांना ‘तुमच्यात दम नाही’ असं जाहीर सांगणं, अशी भावना अनेकांची होती. शिवाय गोष्ट एकट्या छेत्रीची नव्हती. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू, बचावात संदेश झिंगन आणि भेके, म्हणजे संघाचा कणाच तिशी ओलांडलेला.

आणि या रागात एक साधा हिशेब आहे. म्हातारा खेळाडू खेळवून हरलं की फक्त सामना जातो असं नाही, त्या सामन्यातून कुणी शिकलेलंही नसतं. तरुण खेळाडू चुकला तर ती चूक पुढच्या दहा वर्षांत कुठेतरी वसूल होते. चाळिशीतल्या खेळाडूच्या अनुभवात आणखी एका पराभवाची भर पडून कुणाचं भलं होणार?

प्रशिक्षकाचं गणित वेगळं असतं

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला खेळाडू घडवायला वेळच मिळत नाही. फिफाने ठरवून दिलेल्या काळात आठ-दहा दिवस खेळाडू हाती येतात. तेवढ्यात सराव, प्रवास आणि दोन सामने. घडवण्याचं काम क्लबांचं आणि अकादमींचं. प्रशिक्षकाची नोकरी मात्र त्या दोन सामन्यांवर ठरते. पुढच्या पाच वर्षांचा विचार करा असं त्याला सांगणं सोपं आहे, पण पाच महिन्यांनी तो त्या खुर्चीत असेल की नाही हे त्यालाच माहीत नसतं. मग तो ज्याच्या पायांची खात्री आहे त्याच्याकडे जातो. चाहत्यांना हे भित्रेपण वाटतं. त्याच्या जागी बसलेल्या बहुतेकांनी हेच केलं असतं.

खालिद जमील यांचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. मुंबईच्या फुटबॉलमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून वाढलेले, 2017 मध्ये छोट्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून देणारे खालिद 1 ऑगस्ट 2025 ला भारताचे प्रशिक्षक झाले. त्यांनी पहिल्याच स्पर्धेत, काफा नेशन्स कपमध्ये, छेत्रीला घेतलं नाही. भारताने ताजिकिस्तानला 2-1 हरवलं, इराणकडून 0-3 हार पत्करली, अफगाणिस्तानशी 0-0 बरोबरी केली आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरा क्रमांक मिळवला. छेत्रीविना! चाहते खूश झाले.

पण गोल कुणी केले ते पाहिलं की चित्र बदलतं. ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल अन्वर अली आणि झिंगन या बचावपटूंचे. ओमानविरुद्धचा उदांता सिंगचा, तो बगलेवरून खेळणारा. चार सामने झाले आणि मधल्या आघाडीपटूचा एकही गोल नाही. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्ध गोल हवेच होते, म्हणून खालिद यांनीही छेत्रीला परत घेतलं. सिंगापुरातल्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला 1-1 करणारा मात्र छेत्री नव्हता. बदली म्हणून आलेला 25 वर्षांचा रहीम अली होता. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

नऊ नंबरची जागा कुणी घेतली?

आयएसएल सुरू झाली 2014 मध्ये. तिथपासून 2024-25 पर्यंतच्या 11 मोसमांत सर्वाधिक गोलांचा ‘गोल्डन बूट’ एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. एलानो, कोरो, ओगबेचे, डियामँटाकोस, अलाएद्दीन अजराई, सगळे परदेशी.

यामागचं कारण सरळ आहे. नियमानुसार एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात असू शकतात. क्लबचा मालक सगळ्यात जास्त पैसा कशावर खर्च करेल? गोलवर. 2024-25 मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकणाऱ्या मोहन बागानकडे आघाडीला जेमी मॅकलारेन, जेसन कमिंग्ज, दिमित्री पेत्रातोस आणि ग्रेग स्टुअर्ट होते. काश्मीरचा तरुण आघाडीपटू सुहेल भट त्याच क्लबचा. या चौघांना ओलांडून त्याला किती मिनिटं मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको. गोव्याच्या इरफान याडवाडसारख्या, चेन्नईयिनकडून खेळणाऱ्या आघाडीपटूलाही हीच रांग.

बहुतेक भारतीय आघाडीपटू मग बगलेवर सरकतात. तिथे धावायचं, क्रॉस द्यायचा, मागे येऊन बचावालाही हात लावायचा. गोलसमोर अर्ध्या सेकंदात निर्णय घेण्याची सवय लागतच नाही आणि ती सवय सरावात लागत नाही, सामन्यातच लागते. छेत्रीने ती क्लब फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं घोटली. त्याच्यानंतरच्या पिढीला ती मिळाली नाही आणि राष्ट्रीय संघात ‘अनुभव नाही’ म्हणून संधीही मिळाली नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली ही गत.

एक शिडी होती, ती काढून घेतली

आता रहीम अलीकडे येऊ. 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबई आणि मडगावातही सामने झाले. त्या भारतीय संघात रहीम होता. अन्वर अली होता. सुरेश सिंग वांगजाम होता. कोलंबियाविरुद्ध दिल्लीत भारताचा फिफा विश्वचषक स्पर्धेतला पहिलावहिला गोल करणारा जीक्सन सिंगही होता. भारत तिन्ही सामने हरला आणि बहुतेकांनी तो संघ विसरून टाकला.

त्यानंतर महासंघाने एक शहाणपणाची गोष्ट केली. ‘इंडियन ॲरोज’ हा आधी बंद पडलेला संघ पुन्हा उभा करून या मुलांना थेट आय-लीगमध्ये उतरवलं. संघात परदेशी खेळाडू नाहीत, ज्येष्ठ नाहीत. सामने हरायचे, पण नव्वद मिनिटं हीच पोरं खेळायची. तिथून निघालेली मुलं आज राष्ट्रीय संघात दिसतात. 2022 मध्ये ॲरोज पुन्हा बंद केला गेला. पैसे युवा लीगकडे वळवायचे, असा विचार त्यामागे होता. युवा लीगमध्ये मुलं मुलांशी खेळतात. ॲरोजमध्ये ती कसलेल्या प्रौढांशी खेळत होती. फरक मोठा आहे.

छेत्रीच्या एका निवडीवर जितका गदारोळ झाला, त्याच्या दहावा हिस्साही ॲरोज बंद होताना झाला नव्हता.

बाहेर काय झालं?

जर्मनीसारख्या देशानेही हे भोगलंय. युरो 2000 ला लोथार मातेउस 39 वर्षांचा असताना संघात होता. पोर्तुगालविरुद्ध त्याचा 150वा आणि शेवटचा सामना झाला, जर्मनी 0-3 हरला. तीन सामन्यांत एक गुण, एक गोल, गटात तळाला. त्या अपमानानंतर जर्मन संघटनेने वरच्या दोन विभागांतल्या क्लबांना युवा अकादमी सक्तीची केली आणि देशभर प्रशिक्षण केंद्रं काढली. 2014 चा विश्वचषक जिंकणारी म्युलर, क्रूस, ओझिल, गोत्झे ही पिढी त्या काळात वाढली.

पोर्तुगालची कथा उलटसुलट आहे. 2022 च्या विश्वचषकात रोनाल्डोला बसवून 21 वर्षांच्या गोन्सालो रामोसला खेळवलं, त्याने हॅटट्रिक केली, स्वित्झर्लंड 1-6 हरलं. तरी युरो 2024 ला 39 वर्षांचा रोनाल्डो पाचही सामने खेळला आणि एकही गोल करू शकला नाही. टीका शिगेला पोहोचली. पुढच्या वर्षी नेशन्स लीगच्या उपांत्य फेरीत आणि अंतिम सामन्यात त्याच रोनाल्डोने गोल केले आणि पोर्तुगालने करंडक उचलला. मग टीका चुकीची होती का? तसंही नाही. पण पोर्तुगालमध्ये हा वाद चैनीचा आहे. रामोस बाकावर बसला तरी तो पॅरिस सेंट-जर्मेनचा खेळाडू असतो, चॅम्पियन्स लीग खेळतो. भारतात बाकावर बसलेला मुलगा क्लबमध्येही बाकावरच असतो.

छेत्री गेला, पुढे?

मडगावनंतर छेत्रीने आंतरराष्ट्रीय फुटबॉलला दुसऱ्यांदा रामराम केला. 157 सामने, 95 गोल. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला खालिद त्याच्याशिवाय गेले. 11व्या मिनिटाला शेख मोरसालिनने गोल केला आणि 22 वर्षांनी भारत बांगलादेशकडून हरला. त्या महिन्यात भारत फिफा क्रमवारीत 142व्या स्थानावर घसरला. ज्येष्ठाला काढलं म्हणजे तरुण आपोआप उभे राहतील, या समजुतीची इतक्या लवकर परीक्षा होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यावेळी देशात आयएसएलही सुरू झालेली नव्हती. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आल्याने मोसम लटकला होता आणि खेळाडू लीगच्या सामन्यांविना राष्ट्रीय सामने खेळत होते.

दिलासा मिळावा अशी एक गोष्ट त्याआधी, सप्टेंबरमध्ये घडली होती. नौशाद मूसा यांच्या 23 वर्षांखालील संघाने कतारमधल्या पात्रता फेरीत बहरीनला 2-0 आणि ब्रुनेईला 6-0 हरवलं, यजमान कतारकडून 1-2 असा निसटता पराभव घेतला. पात्रता थोडक्यात हुकली. या संघातल्या मुलांना आता आपापल्या क्लबांत किती वेळ मैदानावर मिळतो, ते महत्त्वाचं.

दरम्यान, ढाक्याच्या सामन्याआधीच्या शिबिरात एक नवा चेहरा आला होता. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय झालेला, आईकडून मुंबईशी नातं असलेला आघाडीपटू रायन विल्यम्स. परवानगीचा कागद वेळेत न आल्याने ढाक्यात त्याला खेळता आलं नाही. ‘नव्या दमाचा’ म्हणून चाहते ज्याच्याकडे डोळे लावून बसले होते, त्या विल्यम्सचं वय होतं 32.