मोटारीची बॅटरी वरचेवर कां उतरते?

आमच्या सभासदांकडून अलीकडे ज्या तक्रारी ऐकूं येतात, त्यांत पीकपाण्याच्या खालोखाल एक तक्रार वारंवार आढळते. ती अशी कीं, मोटार अथवा ट्रॅक्टर दोन-चार दिवस उभा राहिला कीं सेल्फ फिरत नाहीं. बॅटरी भरून आणावी तर पुन्हां आठ-पंधरा दिवसांनीं तोच प्रकार. आणि नवी बॅटरी घालावी तर तीहि वर्ष उलटण्यापूर्वीं निकामी होते. शहरांतील मनुष्यास यांत फार तर कचेरीस उशीर होण्याची अडचण आहे. परंतु वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांत पावसाळ्याच्या रात्रीं कोणास सर्पदंश झाला अगर बाळंतिणीस दवाखान्यांत न्यावयाची वेळ आली, तर दाराशीं उभी असलेली मोटार हलत नाहीं ही गोष्ट जिवावर बेतणारी ठरते. यास्तव ह्या विषयाचा थोडा मुळापासून विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

मोटारींतील बॅटरी ही शिसें व गंधकाम्ल यांची असते. हा प्रकार गॅस्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधून काढिला व त्याचें मूळ तत्त्व आजतागायत बदललेलें नाहीं. बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा कप्पे असून प्रत्येकाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. बॅटरी पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ ठेविल्यावर तिचा दाब १२.६ व्होल्टच्या किंचित् वर दिसला पाहिजे. तो १२.२ वर आला म्हणजे बॅटरी निम्मी रिती झाली व १२ च्याहि खालीं गेला म्हणजे ती जवळ जवळ संपली असें समजावें. म्हणजे भरलेल्या व रित्या बॅटरींत अंतर अवघ्या अर्ध्या-पाऊण व्होल्टचें आहे. केवळ दिवे लागतात यावरून “बॅटरी ठीक आहे” असा जो निर्वाळा पुष्कळ ठिकाणीं देण्यांत येतो, त्यास फारशी किंमत देऊं नये.

बॅटरी रिती होत असतां तिच्या पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट जमतें. लगेच पुन्हां भरली तर तें विरघळतें. पण बॅटरी तशीच रिती पडून राहिली तर त्या थराचे कठीण खडे बनतात व तेवढा भाग कायमचा बाद होतो. आपल्याकडील उन्हाळा ह्या नासाडीस हातभार लावितो, कारण उष्णतेनें बॅटरीची आपोआप होणारी झीज व पट्ट्यांचा गंज दोन्ही वाढतात.

आतां हिशेब पाहूं. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं सेल्फ मारण्यांतच बॅटरी संपते. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो हें खरें, परंतु तो तीन सेकंदच ओढतो. दीडशे अँपिअर तीन सेकंद म्हणजे अँपिअर-तासाचा आठवा हिस्सा देखील नव्हे काय? बरोबर आठवाच हिस्सा, आणि तेवढा खर्च मोटार थोडी चालतांच भरून निघतो. याच्या उलट सामानाच्या डिकींतील पांच वॅटचा एक लहानसा दिवा झांकण नीट न बसल्यामुळें जळत राहिला, तर तो सुमारें ०.४ अँपिअर घेतो आणि चोवीस तासांत दहा अँपिअर-तास खाऊन टाकितो. लहान मोटारीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते. तिसऱ्या दिवशीं सकाळीं काय होणार तें उघड आहे. पाटाचें पाणी एकदम फुटलें तर सर्वांस दिसतें, पण उंदराच्या बिळांतून रात्रंदिवस झिरपणारें पाणी कोणाच्या लक्षांत येत नाहीं, तशांतला हा प्रकार आहे.

अगदीं निर्दोष मोटारसुद्धां उभी असतां थोडी वीज घेतच असते. घड्याळ, कुलुपाची यंत्रणा, इंजिनाचा संगणक यांस मिळून २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाचा खर्च पाऊण अँपिअर-तासाहूनहि कमी होतो व ६० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी होण्यास चाळीस दिवस लागतात. तोच प्रवाह ३०० मिलिअँपिअर झाला कीं निम्मी बॅटरी सव्वाचार दिवसांत जाते. तेव्हां गळती आहे कीं नाहीं हा प्रश्नच नसून ती किती आहे एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर मीटरच्या आंकड्यानें द्यावयाचें असतें, अनुभवाच्या गोष्टींनीं नव्हे.

येथेंच दुरुस्तीचा सारा घोळ होतो. आमच्या परिचयाच्या एका द्राक्षबागाईतदारांची जीप ह्या दुखण्यानें दीड वर्ष पछाडलेली होती. बॅटरीच्या दुकानदारानें बॅटरी खराब म्हणून सांगितलें व ती बदलली. चार महिन्यांनीं तीहि उतरूं लागली, तेव्हां त्यानें रात्रभर भरून “बॅटरींत दोष नाहीं” असें सांगून परत दिली. अल्टरनेटरच्या कारागिरानें इंजिन चालू करून दाब मोजला, तो चौदा व्होल्ट भरला. त्यानेंहि आपला माल निर्दोष ठरविला. मोठ्या वर्कशॉपमध्यें मोटार सकाळीं घेऊन सायंकाळीं परत करितात. दिवसभर ती तेथें दहा वेळां सुरू झाली, म्हणून कागदावर “दोष आढळला नाहीं” असा शेरा पडला. अखेर तालुक्याच्या एका वायरमनने जीप दोन रात्री ठेवून घेतली व बंद स्थितींत प्रवाह मोजला, तो ४०० मिलिअँपिअरच्या वर निघाला. सर्व फ्यूज एकामागून एक काढिले तरी आंकडा हलेना. पण बॅटरीचें टोक सोडून अल्टरनेटरची जाड तार सुटी करून पुन्हां मोजतांच तो तीसवर आला. अल्टरनेटरमधील एक डायोड गळका झाला होता.

ह्यांतील प्रत्येकाचें म्हणणें आपल्यापुरतें खरें होतें हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. बॅटरी खरोखरच खराब झाली होती, कारण वारंवार पूर्ण रिती झाल्यानें ती होतेच. अल्टरनेटर खरोखरच वीज भरीत होता, कारण डायोड किंचित् गळका असला तरी इंजिन चालू असतां दाब पुरेसा येतो. त्याचा दोष मोटार उभी असतां प्रकट होतो. डायोडचें काम विहिरीच्या पंपावरील नॉन-रिटर्न व्हाल्व्हसारखें आहे. पाणी चढवितांना तो व्हाल्व्ह ठीक दिसतो. पंप बंद केल्यावर पाणी मागें उतरतें तेव्हां त्याची गळती कळते. जुन्या डायनमोच्या काळांत हेंच काम कटआउट नांवाची पेटी करीत असे व तिचे संपर्क चिकटले कीं असाच अनर्थ होई.

गळतीचीं इतर ठिकाणें बहुधा मागाहून बसविलेल्या सामानांत सांपडतात. बाजारांत मिळणाऱ्या रेडिओ-संचास सामान्यतः दोन तारा असतात. पिवळी तार स्मरणासाठीं सदैव बॅटरीस जोडावयाची व तांबडी किल्लीच्या प्रवाहास. घाईंत दोन्ही एकत्र बॅटरीस जोडल्या कीं संच बंद दिसला तरी आंतून जागा राहतो. मोटारीचा ठावठिकाणा कळविणारें यंत्र, चोरीची घंटा, मोबाईल भरण्याची खोबणी, जादा दिवे व त्यांचे रिले हींहि संशयास पात्र आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचें मागील सॉकेट धूळ व पाणी यांनीं भरलें म्हणजे त्यांतूनहि प्रवाह झिरपतो. गोठ्याशेजारीं वाहन उभें असल्यास उंदरांनीं कुरतडलेल्या तारा अवश्य पाहाव्या. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवा-पांढरा क्षार चढला असल्यास बॅटरी भरलेली असूनहि सेल्फला प्रवाह पोंचत नाहीं व ती उतरल्याचा भास होतो. म्हणून सर्व शोधाआधीं टर्मिनल व अर्थिंगची पट्टी घांसून घट्ट करावी.

परीक्षा स्वतः करावयाची असल्यास साधा डिजिटल मीटर पुरेसा आहे. बॅटरी प्रथम पूर्ण भरून एक रात्र ठेवावी व दाब पाहावा. तो टिकत नसेल तर आधीं बॅटरीचाच निकाल लावावा. झांकणें उघडणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटरनें प्रत्येक कप्पा तपासावा. भरलेल्या पाण्याची घनता १.२६५ ते १.२८० असावी आणि एखादा कप्पा इतरांपेक्षां ०.०५० नें खालीं असला तर ती बॅटरी गेली असें समजावें. मग इंजिन चालू करून दाब पाहावा. तो साधारणतः १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असतो, मात्र अगदीं नव्या कांहीं मोटारींत संगणक तो मुद्दाम कमीजास्त करितो.

नंतर गळती मोजावी. किल्ली काढून, दारें उघडीं ठेवावयाचीं असल्यास त्यांचे खटके पेचकसानें दाबून बंद झाल्याचा भास करावा. ऋण टर्मिनल सोडून मीटर दहा अँपिअरच्या खोबणींत लावून त्या टर्मिनल व केबलच्या दरम्यान जोडावा. नव्या मोटारींतील यंत्रणा झोपी जाण्यास अर्धा तास, कधीं तासभरहि लागतो. पहिल्या पांच मिनिटांत दिसणारा आंकडा पाहून घाबरूं नये व त्यावरून दुरुस्तीहि करूं देऊं नये. आंकडा स्थिरावल्यावर तो ५० च्या बराच वर असेल तर फ्यूज एकेक काढून पाहावा. ज्या फ्यूजनें आंकडा पडेल त्या मार्गावर दोष आहे. एकानेंहि पडत नसेल तर अल्टरनेटर व सेल्फ यांच्या थेट तारा उरतात. मीटर जोडलेला असतां किल्ली मारूं नये, तो जळेल; आणि अँपिअरवर लाविलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर कधींहि टेकवूं नये. बॅटरीजवळ विडी अगर ठिणगी नको, कारण भरतांना तींतून हायड्रोजन वायु निघतो.

ज्यांस हें करणें नसेल त्यांनीं निदान दुरुस्ती कशी सांगावी हें शिकावें. वर्कशॉपच्या कागदावर “बॅटरी पाहणें” असें लिहूं देऊं नये, कारण मग बॅटरीच पाहिली जाते. “अमुक तास उभी राहिल्यावर सुरू होत नाहीं, बंद स्थितींतील प्रवाह मोजून आंकडा लिहून द्यावा” असें लिहवून घ्यावें व मोटार रात्रीसाठीं तेथेंच ठेवावी. दुरुस्तीपूर्वींचा व नंतरचा असे दोन आंकडे मागावे. घरीं एका वहींत मोटार केव्हां उभी केली, केव्हां बंद आढळली व त्या वेळीं दाब किती होता हें तारीखवार लिहावें. ज्या दोषाची नोंद आहे तो दोष “आढळला नाहीं” म्हणणें कोणासहि जड जातें.

इतक्यावरहि दाद न लागल्यास ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग आहे. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यान्वयें आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करितां येते, वकील देणें सक्तीचें नाहीं व पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी पडत नाहीं. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळिली पाहिजे. १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनीनेंहि प्रथम तक्रार नोंदवितां येते. बिलें, दुरुस्तीचे कागद व वर सांगितलेली वही येथें उपयोगीं पडते. तोंडी हकीकत येथें दुबळी ठरते.

ट्रॅक्टरविषयीं स्वतंत्रपणें थोडें सांगणें जरूर आहे, कारण पेरणी व मळणी यांच्या मध्यंतरीं तो आठवडेच्या आठवडे उभा असतो. साध्या ट्रॅक्टरवर बॅटरी तोडणारा कटऑफ स्विच बसविणें हा स्वस्त व उत्तम उपाय आहे. संगणक असलेल्या मोटारीस मात्र तो सरसकट लावूं नये, आणि इंजिन चालू असतां बॅटरीची तार तर कोणत्याहि वाहनाची सोडूं नये. त्यानें उसळणारा दाब नाजूक यंत्रणा जाळून टाकितो. वाहन महिनाभर उभें राहणार असेल तर ऋण टर्मिनल सोडून ठेवावें व महिन्यांतून एकदां बॅटरी भरावी. कप्प्यांत पाणी घालावयाचें तें शुद्ध केलेलें बॅटरीचेंच घालावें. विहिरीच्या पाण्यांतील क्षार पट्ट्यांस मारक आहेत. भरण्यासाठीं काढिलेली बॅटरी फरशीवर ठेविल्यास उतरते अशी एक समजूत गांवोगांव ऐकूं येते. लांकडी व रबरी पेटीच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळीं तींत कांहीं तथ्य असेल. हल्लींच्या प्लास्टिकच्या पेटीची बॅटरी फरशीवर ठेवा कीं फळीवर ठेवा, फरक पडत नाहीं.