संगणक सुरू न झाल्यास

उन्हाळ्याची सुटी संपून जूनच्या मध्यास शाळा उघडतात, तेव्हा कित्येकदा संगणकाचे बटण दाबूनही पडदा काळाच राहतो. यंत्र दीड महिना बंद असते. त्यात धूळ साचते. आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत तर लगोलग पावसाची दमट हवा सुरू होते. अशा वेळी ‘यंत्र नादुरुस्त’ असा शेरा लिहून त्यावर कापड टाकण्याची घाई करू नये. पुष्कळदा दोष लहान असतो व तो शाळेतच दूर करता येतो.

संगणक एकदम सुरू होत नाही, पायरीपायरीने होतो. भिंतीतील २३० व्होल्टची वीज प्रथम पॉवर सप्लायच्या डब्यात येते. तेथे तिचे साधारणतः १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर होते. मग मदरबोर्डवर कायमची साठवलेली लहानशी आज्ञावली जागी होऊन रॅम व इतर भागांची तपासणी करते. अखेरीस ती डिस्कवरील विंडोज किंवा लिनक्स रॅममध्ये आणू लागते. या साखळीची कोणती कडी तुटली, हे ओळखणे हेच खरे काम होय.

दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही : दोष बहुधा विजेकडे असतो. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. वायरची दोन्ही टोके व पेटीमागील बटण तपासावे. सुटीत यूपीएसची बॅटरी उतरलेली असते. तो वगळून संगणक थेट सॉकेटला जोडून पाहावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

पंखा फिरतो, पण चित्र येत नाही : प्रथम मॉनिटरचा दिवा व केबल पाहावी. तरीही चित्र न आल्यास वायर काढून बटण काही सेकंद दाबून ठेवावे, पेटी उघडावी व तिच्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी. मग रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कडा कोरड्या मऊ कापडाने पुसावी व पट्टी खटकन बसेपर्यंत दाबावी. सुरू करताना बीप बीप असा आवाज येत असेल, तर तो किती वेळा येतो ते लिहून ठेवावे. कारागिरास त्यावरून दोष कळतो.

चित्र येते, पण काम पुढे सरकत नाही : तारीख फार जुनी दिसल्यास मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा बटणासारखा सेल संपला असे समजावे. तो बहुधा ‘सीआर २०३२’ या क्रमांकाचा असतो. तारीख चुकली, तर माहिती भरण्याची संकेतस्थळेही उघडत नाहीत. डिस्क सापडत नसल्याचा संदेश आल्यास, पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय हे आधी पाहावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. विंडोज सुरू होत नाही म्हणून ‘फॉरमॅट करून टाका’ असे कोणी सुचविले, तरी लगेच होकार देऊ नये. निकालपत्रके, हजेरी, मुलांची छायाचित्रे त्याच डिस्कवर असतात. डिस्क शाबूत असल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून ती आधी उतरवून घेता येतात. नवी डिस्क विकत मिळते. पुसलेली नोंद मिळत नाही.

एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत नोंदवावा. वरच्या वर्गातील मुलांना जवळ बसवून हे दाखवावे. विजेच्या जोडणीस मात्र हात लावू देऊ नये. निरीक्षण, तर्क आणि पडताळा यांचा याहून चांगला पाठ क्वचितच मिळेल.