न दिसणारी चाल : पेट्रोस्यान यांचे बुद्धिबळ समजून घेताना

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात संध्याकाळी पट मांडले जाऊ लागले. मुले गाजलेले जुने डाव पटावर खेळून पाहतात. त्यांना आवडतात ते वजिराचे बलिदान देऊन झटपट मात करणारे डाव. एकदा मी त्यांच्यापुढे तिग्रान पेट्रोस्यान यांचा डाव मांडला. बऱ्याच चाली झाल्यावर नववीतला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे तर काहीच करत नाहीत!" तक्रार प्रामाणिक होती. पेट्रोस्यान यांच्या हयातीत जाणकार म्हणवणाऱ्यांनीही ती वारंवार केली होती. त्या मुलाला त्या संध्याकाळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहे.

पेट्रोस्यान यांचा जन्म १९२९ मध्ये त्याच जॉर्जियातील तिबिलिसी शहरात, एका आर्मेनियन कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आईवडिलांचे छत्र हरपले आणि कोवळ्या वयात त्यांना रस्ते झाडून पोट भरावे लागले. श्रवणशक्तीही अधू झाली; पुढे ते श्रवणयंत्र वापरीत. 'झाडू' हा शब्द वाचताच आपल्या मनात जो इतिहास जागा होतो, तो त्यांचा नव्हता. त्यांच्या हाती झाडू दिला तो युद्धाने आणि पोरकेपणाने, जन्माने नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाने हा फरक पुसून टाकू नये. मात्र त्याच मुलाने ॲरन निम्झोविच यांचे लेखन झपाटल्यासारखे वाचले, आणि तेथे त्याला एक विचार सापडला. आपण काय करणार, याच्या आधी समोरचा काय करू पाहतो आहे हे ओळखावे, आणि त्याची ती योजना पटावर उतरण्यापूर्वीच तिची वाट बंद करावी.

येथेच आपली वाचनाची अडचण सुरू होते. हल्ला डोळ्यांना दिसतो. टळलेला हल्ला दिसत नाही, कारण तो कधी झालेलाच नसतो. पेट्रोस्यान यांची शांत चाल ही प्रतिस्पर्ध्याने अद्याप न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. तो प्रश्न आपण स्वतः शोधला नाही, तर उत्तर निरर्थक वाटणारच.

उदाहरण म्हणून १९५३ च्या झुरिक स्पर्धेतील डाव घ्या. समोर होते अमेरिकेचे सॅम्युएल रेशेव्हस्की. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या रेशेव्हस्कींची दोन प्यादी पटाच्या मध्यात भक्कम उभी होती आणि त्यांतील एक पुढे घुसले असते, तर काळ्याची फळी मोडली असती. पेट्रोस्यान यांना आपला घोडा मध्यावरच्या एका घरी बसवायचा होता. त्या घरावरून त्याला हुसकावील असे एकही पांढरे प्यादे उरले नव्हते. परंतु घोड्याची वाट आपल्याच हत्तीने अडवली होती. पंचविसाव्या चालीला त्यांनी हत्ती एक घर पुढे सरकवला आणि नेमका पांढऱ्या उंटाच्या तोंडी दिला! शह नाही, धमकी नाही. हत्तीचे मोल साधारण पाच प्याद्यांइतके, उंटाचे तीन. म्हणजे हिशेबाने हा उघड तोटा. पण त्या एका चालीने पुढे येऊ पाहणारे प्यादे जागीच रोखले गेले आणि घोड्याची वाट मोकळी झाली. एक चाल थांबून रेशेव्हस्कींनी हत्ती घेतला. घोडा ठरल्या घरी जाऊन बसला आणि तेथून त्याला कोणी उठवू शकले नाही. थोड्याच वेळात रेशेव्हस्कींनाही हत्ती देऊन उंट घ्यावा लागला. ४१ चालींत डाव बरोबरीत सुटला. निकालाच्या रकान्यात केवळ अर्धा गुण दिसतो. ज्याने पट मांडला नाही, त्याला त्यामागचे काही कळणार नाही.

कोणी म्हणेल, हे सारे बचावापुरते झाले. तसे नाही. १९६६ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत, दहाव्या डावात, याच 'संथ' माणसाने बोरिस स्पास्की यांच्या राजापुढे आपला वजीर देऊ केला आणि डाव जिंकला. १९६३ मध्ये बोत्विन्निक यांना हरवून मिळवलेले विजेतेपद त्यांनी या लढतीतही राखले. ऑलिंपियाडमध्ये सोव्हिएत संघाकडून दहा वेळा खेळताना सव्वाशेहून अधिक डावांत ते फक्त एकदा हरले. तरीही मुलांना दाखवण्यासाठी मी वजिराचा डाव निवडणार नाही. तो तर ती आपणहून शोधतील.

मी निवडतो तो १९६० चा हॅम्बुर्गमधील डाव, पश्चिम जर्मनीच्या वोल्फगांग उन्त्सिकर यांच्याविरुद्धचा. पेट्रोस्यान यांचे दोन्ही हत्ती एकाच उभ्या स्तंभावर एकामागे एक उभे आहेत. काळ्याची मोहरी बचावात इतकी गुंतली आहेत की त्याला हलवायला जवळपास राजाच तेवढा उरला आहे. पेट्रोस्यान यांना राजाच्या बाजूची प्यादी पुढे ढकलून तेथे दुसरी आघाडी उघडायची आहे; पण तसे केले तर त्यांचा स्वतःचाच राजा उघड्यावर पडेल. मग एकोणतिसाव्या चालीपासून हा राजा चालू लागतो. एक घर, मग आणखी एक घर, अधूनमधून थांबत, तळरांगेवरून पटाच्या दुसऱ्या टोकाकडे. काळा राजा मात्र त्या काळात दोन घरांत येरझारा घालतो. त्याला दुसरे काही करता येत नाही आणि पेट्रोस्यान यांना हे ठाऊक आहे, म्हणूनच त्यांना घाई नाही. राजा सुरक्षित झाल्यावर, एकेचाळिसाव्या चालीला, त्याने रिकाम्या केलेल्या बाजूचे प्यादे दोन घरे उडी मारते. पंचावन्नाव्या चालीला उन्त्सिकर शरण येतात.

घरी मुलांबरोबर हा डाव मांडाल तेव्हा पुढची चाल कागदाने झाका. 'तू काय खेळशील?' हे लगेच विचारू नका. आधी पट फिरवून काळ्याच्या बाजूने बसा आणि विचारा, 'याला आता काय करावेसे वाटत असेल, आणि ते त्याला का जमत नाही?' आमच्या त्या नववीतल्या विद्यार्थ्याला राजाच्या चौथ्या पावलावर ते उमगले. तो काही बोलला नाही. कागद हातात धरून बराच वेळ पटाकडे पाहत राहिला.