अग्निरोधक शर्यत-पोशाखाच्या प्रमाणपत्राची पडताळणी

मोटारशर्यतीतील चालकाचा पोशाख अग्निरोधक असतो, म्हणजे तो आगीपासून अभेद्य असतो, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः पोशाखाचे कार्य काही सेकंद मिळवून देणे, एवढेच होय. नोमेक्ससारखा ॲरामिड तंतू ज्वालेत वितळत नाही, कोळसतो. आणि थरांमधील हवा उष्णतेचा प्रवेश लांबविते. तेव्हा पहिला प्रश्न असा की, हे सेकंद मोजले कसे?

अमेरिकेतील एसएफआय फाउंडेशनच्या ३.२ए या मानकात नमुन्यावर दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदास सुमारे २ कॅलरी उष्णता सोडून त्वचेस दुसऱ्या श्रेणीचा दाह होण्यास लागणारा काळ काढतात. '३.२ए/१' या वर्गास तो ३ सेकंद, '३.२ए/५' या वर्गास १० सेकंद. तिरप्या रेषेपुढील आकडा सेकंदांचा नव्हे, वर्गाचा आहे. पट्टी वाचणारा येथेच फसतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या ८८५६-२०१८ या मानकात उष्णतेची तीव्रता जवळजवळ तेवढीच असते. परंतु कापडामागील तापमान २४ अंश सेल्सियसने चढेपर्यंतचा काळ मोजतात. थांबण्याची खूणच निराळी असल्याने दोन्ही पद्धतींचे सेकंद शेजारी मांडून तुलना करणे अशास्त्रीय ठरते.

प्रत्यक्ष आगीशी या आकड्यांचे नाते सैलच असते. २०२० साली बहरीन येथे रोमाँ ग्रोजाँ सुमारे २८ सेकंद ज्वाळांत होता. त्याला मुख्यतः हातांना भाजले. प्रयोगशाळेतील ज्वाला सपाट नमुन्यावर अखंड पडते, अपघातातील आग तशी नसते. शिवाय आतील अग्निरोधक वस्त्रांचाही त्यात वाटा असतो.

महासंघाच्या पोशाखाची पट्टी कॉलरच्या मागील बाजूस असते. तिच्यावरील क्रमांक महासंघाच्या तांत्रिक यादीशी ताडून पाहावा. २०१८ च्या मानकासाठी ती यादी क्रमांक ७४ होय. मात्र यादीत क्रमांक सापडला, की त्या नमुन्याला मान्यता होती एवढेच सिद्ध होते. हातातील वस्त्र तेच आहे, हे सिद्ध होत नाही. बनावट पट्ट्यांचे पोशाख बाजारात आढळले आहेत, आणि नव्या पट्टीवर होलोग्राम असतो तो त्याचसाठी.

अस्सल पोशाखही पुढे बिघडविता येतो. जाहिरातीचे बिल्ले शिवताना दोरा अग्निरोधक असावा आणि टाका केवळ सर्वांत बाहेरच्या थरातून जावा, असा नियम आहे. गावातल्या शिंप्याने साध्या दोऱ्याने सर्व थर एकत्र शिवले, तर हवेचा अवकाश तेथेच दबतो. पट्टी व क्रमांक यांत तसूभरही फरक पडत नाही. म्हणून तपासनिसाने पोशाख उलटा करून आतील टाके पाहणे अगत्याचे आहे.