घरी बांधलेल्या विमानाची मजबुती मापातच ठरते

निखळलेला कपाचा कान जोडण्यासाठी मिळणाऱ्या अरल्डाइटच्या दोन नळ्या बहुतेक घरांना परिचित आहेत. एका नळीतील रेझिन आणि दुसऱ्या नळीतील हार्डनर अंदाजाने घेऊन काडीने कालवले की काम भागते. माप थोडे चुकले, तर फार तर कान पुन्हा निखळतो. हेच काम विमानाच्या पंखासाठी करायचे झाल्यास मात्र अंदाजाला जागा उरत नाही. स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्या हौशी व्यक्तीला सर्वाधिक दक्षता कोठे घ्यावी लागते, याचे उत्तर रेझिनच्या कपात दडलेले आहे.

कारखाना नव्हे, घरची पडवी

अमेरिकेतील विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या व्हॅरीईझी या छोट्या विमानाने १९७५ मध्ये, तर लाँग-ईझी या विमानाने १९७९ मध्ये प्रथम उड्डाण केले. ही विमाने घरी बांधता यावीत यासाठी त्यांच्या आराखड्यांची विक्री करण्यात आली. त्यांची पद्धत सोपी होती. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचतंतूचे कापड अंथरायचे आणि ते इपॉक्सी रेझिनने भिजवायचे. रेझिन घट्ट झाले की पंखाचे कवच तयार होते. त्यासाठी महागड्या साच्याची गरज भासत नाही.

भारताचाही या विमानाशी संबंध आला आहे. बेंगळुरू येथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात लाँग-ईझीच्या रचनेवर आधारित एक हलके संशोधन विमान बांधून उडवले. याच प्रयोगशाळेच्या 'हंसा' या प्रशिक्षण विमानाचा सांगाडाही तंतू आणि रेझिनच्या संमिश्र पदार्थाचा आहे.

अॅल्युमिनिअमचा पत्रा कारखान्यातून तपासून येतो. येथे मात्र विमानाचा पदार्थच बांधणारा स्वतः तयार करत असतो आणि प्रत्येक कपाबरोबर तो नव्याने तयार होतो. धातूच्या जोडातील सैल रिव्हेट बहुधा डोळ्यांना दिसतो. चुकीच्या प्रमाणातील रेझिन घट्ट झाल्यावर पुष्कळदा योग्य रेझिनसारखेच दिसते.

हार्डनर वाढवल्याने वेग वाढत नाही

फायबरग्लासच्या टाक्या किंवा होड्या बनवणारे कारागीर प्रामुख्याने पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यात उत्प्रेरक अल्प प्रमाणात घालतात आणि तो थोडा कमी-अधिक करून घट्ट होण्याचा वेळ बदलता येतो. इपॉक्सीचे तसे नाही. येथे हार्डनर हा उत्प्रेरक नसून अंतिम पदार्थाचा घटक असतो. त्याचे रेणू रेझिनच्या रेणूंशी ठरावीक प्रमाणात जोडले जातात. हार्डनर कमी पडल्यास काही रेझिन तसेच राहते. जास्त झाल्यास हार्डनर शिल्लक राहतो. दोन्ही प्रसंगी पदार्थ कमकुवत होतो आणि उष्णतेत लवकर मऊ पडतो. काम लवकर आटोपायचे असेल, तर त्याच कंपनीचा जलद हार्डनर घ्यावा लागतो.

वजनाचे माप की आकारमानाचे, हा आणखी एक फसवा मुद्दा आहे. ग्लायडरच्या बांधणीत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या एल २८५ या रेझिनचे उदाहरण घेता येईल. त्याचे प्रमाण वजनाने १०० भागांस ४० भाग हार्डनर असे आहे. आकारमानाने मात्र ते १०० भागांस ५० भाग होते, कारण हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. आकारमानाचा आकडा चुकून वजनकाट्यावर वापरला, तर हार्डनर आवश्यकतेपेक्षा चौथ्या हिश्शाने अधिक पडतो.

तराजू, पंप आणि काटा

मापासाठी प्रामुख्याने तीन साधने वापरली जातात. पहिले साधन म्हणजे घरी बनवलेला साधा तराजू. त्याच्या दोन बाजूंची लांबी मुद्दाम असमान ठेवतात. प्रमाण १०० ला ४० असेल, तर टेकूपासून रेझिनचा कप ४० भाग अंतरावर आणि हार्डनरचा कप १०० भाग अंतरावर येतो. रिकाम्या कपांसह दांडी आधी समतोल करून घेतली, की रेझिन कितीही घेतले तरी दांडी आडवी होईपर्यंत हार्डनर ओतणे एवढेच काम उरते. आकडेमोड नसल्याने चुकीची शक्यता कमी होते.

दुसरे साधन म्हणजे प्रमाणबद्ध पंप. एकच दांडा दाबला की दोन टाक्यांतून दोन्ही द्रव ठरलेल्या प्रमाणात बाहेर येतात. मोठा पंख एका बैठकीत भिजवताना त्याची मोठी मदत होते. तथापि, पंपावर डोळे झाकून विसंबणे धोक्याचे आहे. नळीत हवेचा बुडबुडा अडकणे, झडपेत रेझिनचा कण बसणे किंवा थंडीत रेझिन दाटून नीट न वाहणे, यांपैकी काहीही घडले तरी प्रमाण बिघडते. त्यामुळे दोन्ही द्रव वेगवेगळ्या कपांत घेऊन त्यांचे वजन वेळोवेळी पडताळले जाते. अनेक जण पंप पेटीत ठेवून आत दिवा लावतात, जेणेकरून रेझिन कोमट आणि पातळ राहते. थंडीत रेझिनमध्ये साखरेसारखे कण धरल्यास ते ऊब देऊन पूर्ण विरघळल्याशिवाय वापरता येत नाही.

तिसरे साधन इलेक्ट्रॉनिक काटा हे आहे. तो अचूक असला तरी लहान मापात फसवू शकतो. १० ग्रॅम रेझिनला ४ ग्रॅम हार्डनर लागतो. काटा केवळ पूर्ण ग्रॅम दाखवणारा असेल, तर अर्ध्या ग्रॅमची चूक सहज होते आणि ती साडेबारा टक्के भरते. म्हणून लहान जोडासाठीही थोडे जास्त मिश्रण करणे किंवा ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा वापरणे श्रेयस्कर ठरते.

कालवणे आणि वेळेचे गणित

माप अचूक असूनही कालवणे अपुरे राहिल्यास त्याचा उपयोग होत नाही. किमान दोन मिनिटे, कपाच्या कडा आणि तळ खरवडत मिश्रण ढवळावे लागते. अनेक जण ते दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळतात, कारण पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेला थर राहू शकतो. मेणाचा थर असलेले कागदी कप टाळतात. त्यांतील मेण मिश्रणात उतरून जोड बिघडवते.

मिश्रण होताच उष्णता निर्माण होऊ लागते. मोठा कप भरून ठेवल्यास ती बाहेर पडू शकत नाही, मिश्रण तापते, अधिक वेगाने घट्ट होते आणि क्वचित धूरही निघतो. यासाठी एका वेळी थोडेच मिश्रण करून ते पसरट तबकात ओततात. तापमान साधारण १० अंश सेल्सिअसने वाढले, तर कामाचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. आपल्याकडील उन्हाळ्यात ही बाब विशेष लक्षात ठेवावी लागेल.

कापड भिजवल्यानंतर जास्तीचे रेझिन रबरी पट्टीने ओढून काढले जाते. अनावश्यक रेझिन केवळ वजन वाढवते, बळ नव्हे.

जोड देणारे मिश्रण

दोन भाग जोडताना पातळ रेझिन ओघळून जाते. म्हणून त्यात पूड मिसळून लगदा करतात. कापसाच्या बारीक तंतूंचे मिश्रण जोडासाठी आणि कोपऱ्यांसाठी वापरले जाते. काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांचे मिश्रण हलके असते, परंतु ते फोमची छिद्रे बुजवण्यासाठी आणि पृष्ठभाग सपाट करण्यासाठीच असते. भार पेलणाऱ्या जोडात ते वापरणे ही गंभीर चूक ठरते. रेझिन आणि हार्डनर पूर्ण एकजीव झाल्यावरच पूड घालतात, अन्यथा गाठीत न मिसळलेले द्रव अडकून राहतात.

हा लगदा इंजेक्शनच्या जाड पिचकारीतून किंवा कोपरा कापलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून, मेंदीच्या कोनाप्रमाणे, रेषेत सोडतात. दुहेरी नळकांड्यांची तयार बंदूक वापरल्यास तिच्या टोकाच्या नळीत दोन्ही घटक आपोआप मिसळतात. तरीही सुरुवातीचा काही भाग टाकून देतात, कारण दोन्ही दट्टे प्रारंभी सारख्या रेषेत असतीलच असे नाही. जोड दाबल्यावर कडेने लगद्याची अखंड रेघ बाहेर आली, तर आत रिकामी जागा राहिली नसल्याचा तो चांगला संकेत मानला जातो.

हातमोजे आणि नोंदवही

इपॉक्सीच्या वारंवार स्पर्शाने त्वचेला कायमची अॅलर्जी जडू शकते आणि त्यामुळे काही बांधणाऱ्यांना हे काम सोडावे लागते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे आवश्यक ठरतात. हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसणे अपायकारक असते, त्यासाठी साबण आणि पाणीच वापरावे.

प्रत्येक मिश्रणाची तारीख, तापमान आणि वापराची जागा वहीत नोंदवून कपातील उरलेला नमुना जपून ठेवण्याची पद्धत उपयुक्त आहे. दुसऱ्या दिवशी तो नमुना कडक झालेला नसेल किंवा चिकट लागत असेल, तर त्या मिश्रणाचा भाग विमानात राहू शकत नाही. वर आणखी एक थर दिल्याने आतील चूक दुरुस्त होत नाही. कित्येक तासांच्या श्रमाने तयार झालेला भाग कापून टाकणे जिवावर येते. परंतु हा निर्णय जमिनीवर घेता येतो, आकाशात नाही.