जिवंत चेहरा आणि रेषांचा चेहरा

रमजान ईदचा शीरखुर्मा झाला, पाहुण्यांची ये-जा कमी झाली, मुलांच्या खिशात ईदी खुळखुळू लागली, की अनेक घरांतून एकच प्रश्न निघतो : सिनेमाला जायचे का? 'वॉन्टेड' (२००९), 'दबंग' (२०१०), 'बॉडीगार्ड' (२०११), 'एक था टायगर' (२०१२) अशी सलमान खानच्या चित्रपटांनी ईदची संध्याकाळ वर्षानुवर्षे आपल्या नावावर करून घेतली. त्या गर्दीत कोणी अ‍ॅनिमेशनपटाचे तिकीट मागितल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. घरात 'मोटू पतलू' दिवसभर चालू असते; पण ते टीव्हीवर, फुकट, आणि मुलांच्या तोंडात घास जावा म्हणून. नवे कपडे घालून, पैसे मोजून, दादीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांनी बघायचा सिनेमा म्हणजे हाडामांसाच्या माणसांचा.

असे का, म्हणून विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले : कार्टून खोटे असते, सिनेमा खरा वाटतो. हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही.

२०१९ सालचा 'द लायन किंग' आठवा. हिंदीत मुफासाला शाहरुख खानचा आणि सिम्बाला त्याचा मुलगा आर्यन याचा आवाज होता. जुना १९९४ चा चित्रपट हाताने चितारलेला; हा नवा मात्र 'खऱ्या सिंहांचा', म्हणून लोक उत्साहाने गेले. त्याने जगभरात १६० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. आता गंमत पाहा. या चित्रपटात कॅमेऱ्याने प्रत्यक्ष टिपलेले दृश्य फक्त एकच आहे, सुरुवातीचा सूर्योदय, असे त्याचे दिग्दर्शक जॉन फाव्हरो यांनीच सांगितले आहे. बाकी सिंह, झाडे, धूळ, गवताचे पातेन्‌पाते संगणकावर तयार केलेले. म्हणजे 'कार्टून नको, खरा सिनेमा हवा' म्हणून तिकीट काढणाऱ्यांनी पाहिले ते अ‍ॅनिमेशनच.

आणि तरीही त्या चित्रपटाबद्दल एक तक्रार सारखी ऐकू आली. सिंह हुबेहूब आहेत, पण त्यांच्या तोंडावर काही दिसत नाही. १९९४ च्या चित्रपटात बापाच्या निष्प्राण देहापाशी गेलेल्या छाव्याच्या भुवया, डोळे, ओठ सगळे रडते; कारण चित्रकाराने सिंहाला माणसाचा चेहरा दिला होता. नव्या चित्रपटातला सिंह खऱ्या सिंहासारखा आहे, आणि खरा सिंह माणसासारखा रडत नाही. डोळ्यांना जे अधिक खरे वाटले, ते मनाला मात्र कमी लागले.

आमच्या मते गोम इथेच आहे. प्रेक्षकाला खरेपणा हवा असतो असे नाही. त्याला चेहरा हवा असतो. त्याच फाव्हरोंचा 'द जंगल बुक' आपल्याकडे ८ एप्रिल २०१६ ला, अमेरिकेच्याही एक आठवडा आधी लागला आणि तुफान चालला. त्यातले जंगल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभे राहिले होते आणि प्राणी सगळे संगणकाचे. प्रमुख भूमिकेतला हाडामांसाचा जीव एकच, नील सेठी नावाचा पोरगा. पण तो धावला, पडला, घाबरला, की भोवतालचे सगळे जंगल आपोआप खरे होत गेले. हिंदीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता; दूरदर्शनवरच्या जपानी बनावटीच्या 'मोगली'तही शेरखान तेच होते. त्यामुळे मुलांना घेऊन गेलेल्या अम्मी-अब्बूंचेही अर्धे तिकीट आठवणींनीच वसूल झाले असणार.

राजामौलींच्या 'मख्खी'चे (२०१२) उदाहरण त्याहून बोलके. नायक मरतो आणि माशीच्या रूपाने परततो. माशी संगणकाची, बोलता न येणारी. पण तिला घाबरून वेडापिसा होणारा सुदीप खरा आहे, त्याच्या तोंडावरचा घाम खरा आहे. माशीचा अभिनय आपण सुदीपच्या चेहऱ्यावर वाचतो. याच्या उलट 'कोचडैयान' (२०१४). साक्षात रजनीकांत! त्यांच्या हालचाली टिपून त्यावरून संगणकाने त्यांची प्रतिमा घडवली. पण पडद्यावर आली ती रजनीकांतसारखी दिसणारी बाहुली. ज्या चेहऱ्यासाठी लोक पहाटेपासून रांग लावतात, तोच नेमका गायब. चित्रपटाने निराशा केली. 'रोडसाइड रोमिओ'त (२००८) सैफ अली खान आणि करीना कपूर होते, पण केवळ आवाजाने. तोही फारसा चालला नाही.

चेहरा म्हणजे काय, हे 'बजरंगी भाईजान'मधल्या (२०१५, तोही ईदचाच) मुन्नीला आठवून पाहा. हर्षाली मल्होत्राला शेवटापर्यंत एकही संवाद नाही. जे काही आहे ते डोळ्यांत. आईपासून ताटातूट झालेले लेकरू गर्दीत कसे बघते, ओळखीची वस्तू दिसली की कसे उजळते, हे आपण त्या मुलीच्या तोंडावर बघतो आणि नकळत आपल्या घरातल्या मुलीला जवळ ओढतो. ती मुन्नी रेषांची असती तर? कदाचित गोड वाटली असती. पण पडद्यावरच्या त्या मुलीला भूक लागते, झोप येते, ती कोणाची तरी लेक आहे, हे आपले मन विसरत नाही. जिवंत माणसाची ताकद ती हीच.

अर्थात हा काही मनुष्यस्वभावाचा अटळ नियम नव्हे. सवयीचाही भाग मोठा आहे. जपानमध्ये 'स्पिरिटेड अवे' (२००१) हा चितारलेला चित्रपट जवळजवळ वीस वर्षे कमाईत पहिला होता आणि त्याचा विक्रम २०२० मध्ये मोडला तो दुसऱ्या अ‍ॅनिमेशनपटानेच. तिथे म्हातारी माणसेही असे चित्रपट बघतात. आपल्याकडे रविवार सकाळच्या 'डकटेल्स'पासून 'छोटा भीम'पर्यंत सगळे लहानांचे म्हणूनच आले, आणि तोच शिक्का बसला. तो पुसट होतो आहे. २०२५ च्या 'महावतार नरसिंह' या अ‍ॅनिमेशनपटाने ३०० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. दुसरीकडे, २०२४ मध्ये 'छोटा भीम' खरी मुले घेऊन पडद्यावर आणला, तर तो पडला. मुलांनी जीव लावला होता तो लाडू खाणाऱ्या रेषांच्या भीमाला. त्याच्या जागी खरा मुलगा त्यांना नको होता.

आणखी एक गोष्ट. जिवंत नट आपला चेहरा बरोबर घेऊन येतो. रेषांचा चेहरा कोणीतरी दिलेला असतो. पेन्सिल कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आपल्यासारख्यांनी तरी विचारावा. डिस्नेचा १९९२ चा 'अलादीन' घ्या. नायक-नायिका उजळ, अमेरिकन उच्चारांचे. दुकानदार आणि शिपाई मात्र बाकदार नाकांचे, दात विचकणारे, हातात तलवार. सुरुवातीच्या गाण्यात तर कान कापण्याची भाषा होती. अमेरिकेतल्या अरबांनी आवाज उठवल्यावर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती ओळ बदलली गेली. २०१९ मध्ये तोच चित्रपट माणसांना घेऊन झाला, तेव्हा अलादीन झाला इजिप्तमध्ये जन्मलेला मेना मसूद, आणि जास्मिन झाली नेओमी स्कॉट, जिची आई गुजराती वंशाची. अग्राबा हे गाव अजून बगदाद आणि आग्रा यांची खिचडीच आहे, ते सोडा. पण नाकांची टिंगल करायला तिथे चित्रकार नव्हता. अशा वेळी जिवंत चेहऱ्याला मिळणारी पसंती आम्हाला रास्त वाटते.

पण पेन्सिल चांगल्या हातात पडली तर? १९९० च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियासाठी 'मीना' ही मालिका केली. ती चितारली आपल्याच मुंबईच्या राम मोहन यांनी. मुलगी कशी दिसावी, काय नेसावी, तिचे नाव काय असावे, हे गावोगावच्या लोकांना चित्रे दाखवून ठरवले गेले. मीना हे नाव हिंदूंत चालते, मुसलमानांतही चालते. कपडे असे, की बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ, भारत, कुठल्याही गावची वाटावी. खरी बालनटी घेतली असती तर ती कुठल्या तरी एकाच गावची, एकाच भाषेची झाली असती. भावाला जास्त आणि बहिणीला कमी वाढणाऱ्या घरात मीनाने जो प्रश्न विचारला, तो त्या-त्या घरातल्या मुलीचाच वाटला.

हे दोन्ही गुण शेजारी ठेवून बघायचे असतील, तर काबूलच्या दोन चित्रपटांसारखी जोडी नाही. गोष्ट जवळपास एकच : तालिबानी अमलात, घरात कमावता पुरुष उरलेला नाही, म्हणून मुलीचे केस कापून तिला मुलगा बनवून बाहेर पाठवले जाते.

पहिला 'ओसामा' (२००३), सिद्दीक बर्मक या अफगाण दिग्दर्शकाचा. त्यातली मरीना गोलबहारी ही कोणी नटी नव्हती. काबूलच्या रस्त्यावर भीक मागताना दिग्दर्शकाला दिसलेली मुलगी होती ती. तिला भीतीचा अभिनय करायचाच नव्हता. भीती ओळखीची होती. कापलेली वेणी ती मातीच्या कुंडीत रोवते, जणू रोप लावावे तशी. तो प्रसंग आणि तिचे विस्फारलेले डोळे विसरू म्हटले तरी विसरता येत नाहीत. शेवटी एका म्हाताऱ्या मुल्लाशी तिचा निकाह लावून दिला जातो, आणि तो तिच्यापुढे कुलुपे ठेवून विचारतो, कुठले हवे? चित्रपट संपल्यावर आपण गप्प होतो. लहान मुलांना तो दाखवू नये असेच आम्ही म्हणू.

दुसरा 'द ब्रेडविनर' (२०१७), आयर्लंडच्या कार्टून सलून या संस्थेचा, नोरा ट्वोमी यांनी दिग्दर्शित केलेला, पूर्ण चितारलेला. परवाना अकरा वर्षांची. वडील शिक्षक होते, युद्धात पाय गेला, आता त्यांना पकडून नेले आहे. परवाना मेलेल्या भावाचे कपडे घालते आणि बाजारात कामाला जाते. इथेही मारहाण आहे, भूक आहे. पण रेषा थोडे अंतर राखते, आणि त्या अंतरामुळे मूल बघू शकते, बघता बघता विचारू शकते. धाकट्या भावाला निजवताना परवाना एक गोष्ट सांगते, हत्तींच्या राजाशी सामना करायला निघालेल्या पोराची. ती गोष्ट कागद कापून केलेल्या चित्रांसारखी, रंगांनी उजळलेली दिसते. काबूल मातकट आणि गोष्ट रंगीत. मुलीच्या डोक्यात काय चालले आहे, ते असे दाखवणे कॅमेऱ्याला जड जाते. 'ओसामा'मध्ये आपण त्या मुलीकडे बघतो. 'द ब्रेडविनर'मध्ये आपण परवानाच्या नजरेने बघतो.

कोणता श्रेष्ठ, असा कौल आम्ही देणार नाही. मात्र आपल्या घरांतून पहिला मोठ्यांनी पाहिला असण्याची थोडी तरी शक्यता आहे. दुसरा 'कार्टून' म्हणून मोठ्यांनी सोडून दिला, आणि मुलांपर्यंत तो पोहोचलाच नाही. नुकसान ते हे.

कधी कधी तर चेहरा लपवण्यासाठीच रेषा कामी येते. डेन्मार्कचा 'फ्ली' (२०२१) हा माहितीपट आहे, कल्पित कथा नाही. काबूलहून लहानपणी पळालेला, मॉस्कोत लपून राहिलेला, अखेर डेन्मार्कला पोहोचलेला एक माणूस आपल्या मित्रापुढे आयुष्य उलगडतो. त्याला दिलेले 'अमीन' हे नाव खरे नाही. कॅमेरा लावला असता तर तो बोलला नसता, म्हणून त्याला चितारले. मूळ चित्रपटात आवाज मात्र त्याचा स्वतःचा आहे, थांबत, अडखळत बोलणारा. हा चित्रपट मोठ्यांचा. मुले झोपल्यावर बघावा. 'द ब्रेडविनर' मात्र बारा-तेरा वर्षांच्या मुलांना घेऊन, शेजारी बसून बघण्यासारखा आहे. मध्येच थांबवून प्रश्न विचारू द्यावेत. ते विचारतील, आणि उत्तरे द्यायला कदाचित मगरिबपासून इशापर्यंतचा वेळ पुरणार नाही.